एकच तुकडा, ९ इओसिनोफिल, तेही औषध चालू असताना: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस नाही म्हणायचं का?

फॅमिली डॉक्टर, तालुक्याचं ठिकाण

नमस्कार. एकाच घरातले दोन पेशंट आहेत, मुलगा आणि वडील. दोघांना इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमून होणारी सूज) असेल का, याबद्दल मत हवंय.

मुलगा ९ वर्षांचा, वजन २४ किलो. दोन वर्षांपासून जेवायला पाऊण ते एक तास लागतो. घासागणिक पाणी. कोरडी पोळी नको म्हणतो, वरणात कुस्करून दिली तर खातो. मटण, पाव, पेरू टाळतो. आठवड्यातून एखादी उलटी होते, तीत न पचलेलं अन्न असतं. वर्षभरात वजन जेमतेम एक किलो वाढलंय. लहानपणी एक्झिमा होता, आता धुळीने सर्दी-शिंका. रक्तातला ॲब्सोल्यूट इओसिनोफिल काउंट ७८०. तो पाहून जंत समजून अल्बेंडाझोल दोनदा दिलं गेलं. मग पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारं) आणि डॉम्पेरिडोन (उलटीवरचं) एकत्र असलेली गोळी चार आठवडे, आणि ती चालू असतानाच स्कोप (दुर्बिणीने तपासणी). रिपोर्ट: 'अन्ननलिका नॉर्मल, खालच्या टोकाशी किंचित लाली'. बायोप्सीचा एकच तुकडा, तोही खालून घेतलेला. पॅथॉलॉजी: 'एका हाय पॉवर फील्डमध्ये ९ इओसिनोफिल, रिफ्लक्सशी सुसंगत', म्हणजे जठरातलं आम्ल वर येण्याशी.

वडील ३६ वर्षांचे, दम्याचा पंप अधूनमधून घेतात. मटणाचा तुकडा दोनदा अडकला, दुसऱ्या वेळी रात्री स्कोपने काढावा लागला. तेव्हा बायोप्सी घेतली नाही, 'सावकाश जेवा' असं सांगून घरी पाठवलं. मोठी गोळी ते कायम मोडून घेतात.

माझे प्रश्न असे. हाय पॉवर फील्डमध्ये (मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारा भाग) ९ म्हणजे निदानाच्या १५ या मर्यादेपेक्षा कमी, तर मुलाचं निदान बाद करायचं का? पुन्हा भूल देऊन स्कोप करण्याऐवजी आत्ताच उपचार सुरू केले तर चालेल का? घरच्यांनी रक्ताची ॲलर्जी तपासणी करून आणलीय, त्यात ११ पदार्थ पॉझिटिव्ह आहेत आणि ते सगळेच त्यांनी बंद केलेत. त्याचं काय करू? आणि वडिलांना सध्या काही त्रास नाही, तरी पाठवायचं का?

पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर

डॉक्टर, त्या एका तुकड्यावरून काहीच बाद करू नका.

हा आजार अन्ननलिकेत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका जागी फील्डमध्ये ४० पेशी, तर दोन सेंटिमीटरवर दोन, असं सर्रास दिसतं. प्रौढ पेशंटांवर झालेल्या २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात १५ ची मर्यादा धरली, तर एका तुकड्यावर निदान सापडण्याचं प्रमाण ५५ टक्के होतं आणि पाच तुकड्यांवर १०० टक्के. म्हणजे एका तुकड्याचा नॉर्मल रिपोर्ट हा जवळपास नाणेफेकीसारखा आहे. त्यात तुमचा पेशंट पॅन्टोप्राझोलवर होता. ते औषध आम्ल तर कमी करतंच, शिवाय इओसिनोफिलना अन्ननलिकेकडे ओढणारा इओटॅक्सिन-३ हा संदेशही दाबतं. मोजणी कमी येण्याचं हे दुसरं कारण.

एक गोष्ट मूळचीच लक्षात घ्या. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नसतात. जठरात, आतड्यात थोडे असणं स्वाभाविक आहे, अन्ननलिकेत नाही. त्यामुळे ९ ही 'थोडीशीच वाढ' नव्हे. रिफ्लक्समध्येही ते येतात, पण बहुधा थोडे आणि खालच्या भागात. तुमचा तुकडा नेमका खालचाच असल्यामुळे दोन्हींत फरक करायला काही वावच राहिला नाही.

आधी एक काम करा, त्याला भूल लागत नाही. जुना ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) त्या लॅबकडून मागवा आणि त्यातून आणखी खोलवरचे काप काढून पुन्हा मोजायला सांगा. पहिल्या कापात ९ आणि खालच्या कापात २० निघणं अशक्य नाही.

दुसरा स्कोप होईल तेव्हा किमान सहा तुकडे हवेत, किमान दोन पातळ्यांवरून: खालून, म्हणजे जठराच्या तोंडापासून साधारण ५ सेंटिमीटर वर, आणि मधल्या किंवा वरच्या भागातून. खालचे एका बाटलीत, वरचे दुसऱ्या बाटलीत, दोन्हींवर पातळी लिहिलेली. चरे किंवा पांढरे ठिपके दिसले तर तुकडा तिथूनच घ्यायचा. अस्तर कोरं दिसलं तरी सहा तुकडे घ्यायचेच, कारण मुलांमध्ये डोळ्यांना नॉर्मल दिसणारी अन्ननलिका बायोप्सीत पॉझिटिव्ह निघते. पहिल्या वेळी जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) यांचेही तुकडे पाठवा. नुसती अन्ननलिका पाहिली तर इओसिनोफिलिक गॅस्ट्रोएन्टरायटिस (जठर-आतड्यातली तशीच सूज) आणि सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) दोन्ही निसटतात.

फॉर्मवर 'इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसची शंका, सर्वाधिक मोजणी कळवावी' असं स्पष्ट लिहा. नाहीतर आमच्याकडचा रिपोर्ट 'क्रॉनिक इसोफॅजायटिस' एवढ्यावर संपतो. निकष १५ किंवा जास्त प्रति हाय पॉवर फील्ड, म्हणजे साधारण ६० प्रति चौरस मिलिमीटर. ही सरासरी नसते, सगळ्यात गर्दीच्या फील्डमधली मोजणी असते. मायक्रोस्कोपागणिक फील्डचा आकार बदलतो, म्हणून चौरस मिलिमीटरचा आकडाही मागून घ्या. सोबत अस्तराचा तळचा (बेसल) थर जाड झालाय का, पेशींमधल्या फटी रुंदावल्यात का, इओसिनोफिलचे पुंजके पृष्ठभागाशी आहेत का, हे लिहून आलं पाहिजे. अस्तराखालचा थर तुकड्यात आला असेल तरच फायब्रोसिसवर (ऊती कडक होण्यावर) बोलता येतं. वरवर चिमटलेल्या तुकड्यात तो येत नाही.

बालपोटविकारतज्ज्ञ, पुणे

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. आता उपचार आधी की स्कोप आधी, त्याबद्दल.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात बोलकी गोष्ट उलटी नाही. तासभराचं जेवण, घासागणिक पाणी, कुस्करलेली पोळी आणि टाळलेला पाव ही आहे. हे मूल 'गिळताना अडकतं' असं कधीच सांगणार नाही, कारण त्याने अडकू नये याची सोय केव्हाच लावून घेतलीय. म्हणून 'अडकतं का?' हा प्रश्न पुरत नाही. विचारायचं ते असं: घरात सगळ्यात शेवटी ताटावरून कोण उठतं? वाढदिवसाला पाव-भाजीतली भाजीच खातो का? डबा अर्धा परत येतो का? गोळी गिळतो का? वयानुसार चित्र बदलतं. दोन-तीन वर्षांचं मूल खायलाच नकार देतं, उलट्या करतं, वजन धरत नाही. शाळकरी मूल पोट दुखतं म्हणतं. तेरा-चौदानंतर घास अडकायला लागतो. आजार तोच, वर्षं उलटतात तशी सूज हळूहळू फायब्रोसिसकडे आणि अरुंदपणाकडे जाते.

रक्तातल्या इओसिनोफिलवर विसंबू नका. काउंट ७८० असला म्हणून हा आजार आहे असं नाही, आणि ३०० असला म्हणून नाही असंही नाही. आपल्याकडे जंत, दमा, धुळीची ॲलर्जी यांनी तो वाढलेला असतोच.

आता क्रम. पॅन्टोप्राझोल बंद करून किमान तीन आठवडे जाऊ द्या, मग स्कोप करा. हे तीन आठवडे त्याला मऊ, ओलसर जेवण द्या. तोंडाने घ्यायची प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) या काळात देऊ नका, तिने बायोप्सी स्वच्छ येते. दम्याचा रोजचा पंप असेल तर तो परस्पर थांबवू नका, फक्त स्कोप करणाऱ्याला सांगा.

'आधी ॲसिडचं औषध देऊन पाहा, बरं नाही वाटलं तरच हे निदान' हा जुना नियम २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत गेला. आता हे औषध निदानाची चाळणी नाही, उपचारांतला एक पर्याय आहे. म्हणूनच आधी बायोप्सी, मग औषध. उलट केलंत तर मूल थोडं सुधारेल आणि ते कशामुळे सुधारलं, हे सांगता येणार नाही.

स्कोप करणाऱ्याकडून पाच गोष्टींची नोंद मागा: सूज (रक्तवाहिन्यांची नक्षी पुसट होणं), गोल कडी, पांढरे ठिपके, उभे चरे, अरुंदपणा. या पाचांना गुण देण्याची पद्धत आहे, एरेफ्स म्हणतात. पुढच्या स्कोपशी तुलना त्यावरच होते. 'किंचित लाली' या शब्दांवरून काहीच ताडता येत नाही. पांढऱ्या ठिपक्यांबद्दल एक सावधगिरी: ते कॅन्डिडा या बुरशीसारखे दिसतात. बुरशी बायोप्सीत सिद्ध झाल्याशिवाय फ्लुकोनाझोल देऊ नका.

निदान पक्कं झालं तर पहिल्या फळीत तीन वाटा आहेत, कुठलीही एक निवडा.

पहिली, ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल, १ मिग्रॅ प्रति किलो, दिवसातून दोनदा. तुमच्या मुलाला २० मिग्रॅ सकाळी, २० रात्री, जेवणाआधी अर्धा तास. डॉम्पेरिडोनची जोडगोळी नको, त्याचा इथे उपयोग नाही. कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात मिसळून द्या. दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत, गरम अन्नात घालायचे नाहीत. त्यांचं आवरण फुटलं की औषध जठरातच नासतं. बायोप्सी स्वच्छ होण्याचं प्रमाण साधारण चाळीस ते पन्नास टक्के.

दुसरी, गिळायचं स्टेरॉइड. बुडेसोनाइड घट्ट करून, १० वर्षांखाली दिवसाला १ मिग्रॅ, मोठ्या मुलांना २ मिग्रॅ. किंवा फ्लुटिकासोनचा पंप तोंडात मारून गिळायचा.

तिसरी, आहार. त्यावर आहारतज्ज्ञांनी लिहावं.

कुठलीही वाट घेतलीत तरी ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा स्कोप आणि बायोप्सी. हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर 'आता बरं आहे, कशाला पुन्हा भूल' असं होतं. जेवण सुधारलं आणि मोजणी मात्र ५० वरच, असं वारंवार होतं. उलटही होतं.

आहारतज्ज्ञ, ठाणे

आधी त्या ११ पदार्थांचं. रक्तातली आयजीई (तात्काळ ॲलर्जीची प्रतिपिंडं) किंवा त्वचेवरची टोचणी तपासणी या आजारातले कारणीभूत पदार्थ ओळखायला कामाची नाही. ही तात्काळ ॲलर्जी नसते, प्रतिक्रिया पेशींमार्फत सावकाश होते. ज्या पदार्थाने त्या मुलाला याआधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तो बंदच ठेवा. बाकीचे, बंद करून बरेच महिने झाले नसतील तर, परत सुरू करा. वर्षात एक किलो वाढलेल्या मुलाचे ११ पदार्थ बंद ठेवणं हे त्याच्या वाढीवर दुसरं संकट आहे.

आहाराने उपचार करायचे ठरले तर एकट्या दुधापासून सुरुवात करा. मूळ पद्धत सहा गट बंद करण्याची: दूध, गहू, अंडं, सोया, शेंगदाणे आणि इतर कवचफळं, मासे आणि शिंपले-कोळंबी. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रौढांवरच्या एका अमेरिकन चाचणीत सहा आठवड्यांनी नुसतं दूध बंद केलेल्यांत ३४ टक्के आणि सहाही बंद केलेल्यांत ४० टक्के लोकांची बायोप्सी निकषाखाली आली. फरक एवढा थोडा असेल, तर नऊ वर्षांच्या पोराला सहा गटांचा त्रास आधी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. दुधाने भागलं नाही तर दूध आणि गहू, मग पुढे.

'दूध बंद' म्हणजे काय, हे घरी बसून समजवावं लागतं. गायीचं, म्हशीचं, शेळीचं, तिन्ही बंद. या प्रथिनांत इतकं साम्य आहे की शेळीचं दूध हा पर्याय होत नाही. दही, ताक, पनीर, खवा, चीज, लोणी बंद. लॅक्टोज नसलेलं दूधही बंद, कारण भानगड साखरेची नाही, प्रथिनांची आहे. तूप: घरी कढवलेल्या तुपात बेरीचा अंश राहतो, या आठवड्यांत तेही बाजूला ठेवा, फोडणी तेलाची द्या. निसटतं कुठून? बिस्किटातली दूध पावडर, पावावरचं लोणी, चॉकलेट, हॉटेलच्या ग्रेव्हीतली मलई, प्रथिनांच्या पावडरीतलं व्हे, देवळातलं पंचामृत आणि प्रसादाचा पेढा. आजी-आजोबांना आणि वर्गशिक्षकांना वेगळं सांगा.

पुढे गहू बंद करायची वेळ आली तर पोळी सगळ्यांना आठवते, हिंग आठवत नाही. डबीतला बांधणी हिंग बहुधा मैद्यात मिसळलेला असतो. मेतकुटात गहू असतो, पुष्कळ घरांच्या थालीपिठाच्या भाजणीतही. रवा, शेवया, नेहमीचे ब्रेडक्रम्स तर आहेतच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, साबुदाणा चालतात, म्हणून आपल्या घरात गहू सोडणं फारसं अवघड नाही. फक्त भाकरी या मुलाला कोरडी जाणार नाही. कालवणात भिजवून द्या, किंवा उकड, घावन, आंबोळी.

कॅल्शियमचा हिशेब मांडल्याशिवाय दूध तोडू नका. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीनुसार ७ ते ९ वयाला रोज ६५० मिग्रॅ लागतं, १० ते १२ ला ८५०. नाचणीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिग्रॅ असतं, म्हणजे ५० ग्रॅमची एक भाकरी १७५. उरलेलं तीळ आणि पालेभाज्यांतून, नाहीतर सरळ कॅल्शियमच्या औषधातून. ड जीवनसत्त्व तपासा. प्रथिनं डाळी, अंडी, मासे यांतून. ताकाच्या जागी सोलकढी चालते, नारळाचं दूध या दुधात मोडत नाही. वजन दर पंधरा दिवसांनी. महिन्यात घटलं तर आहाराचा प्रयोग थांबवून औषधाकडे वळा.

पदार्थ परत आणताना एका वेळी एकच, सहा ते आठ आठवडे रोज नेहमीच्या प्रमाणात, मग स्कोप. दोन एकदम आणले आणि मोजणी चढली, तर गुन्हेगार कोण ते कळत नाही. आणि आयजीई पॉझिटिव्ह मुलात बरेच महिने बंद ठेवलेला पदार्थ घरी अचानक देऊ नका. मधल्या काळात तात्काळ ॲलर्जी उमटलेली असू शकते, पहिला घास डॉक्टरांसमोर.

पोटविकारतज्ज्ञ, नाशिक (प्रौढांचे)

वडिलांना पाठवा, आणि लवकर पाठवा. छत्तिशीतला दमेकरी पुरुष, मांस दोनदा अडकलं, गोळी मोडून घेतो: घास अडकून आलेल्या तरुण प्रौढात हा आजार पहिल्या काही शक्यतांत धरायचा असतो. 'घाईत जेवता' हे निदान नाही. सध्या त्रास नाही याचा अर्थ ते मटण बारीक करून खाताहेत एवढाच.

त्यांची पहिली बायोप्सी त्याच रात्री व्हायला हवी होती. अडकलेला घास काढल्यावर तुकडे घेता येतात. मुलांचा सहा तुकड्यांचा आणि तीन आठवड्यांचा नियम त्यांनाही लागू. फरक असा की प्रौढात अरुंदपणाची शक्यता जास्त, आणि तो स्कोपला चुकतो. आपला स्कोप ९ ते १० मिलिमीटर जाड असतो. अन्ननलिका सगळीकडून सारखी ११-१२ मिलिमीटरची झाली असेल तर स्कोप आरामात खाली जातो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. घास मात्र साधारण १३ मिलिमीटरखाली अडायला लागतो. म्हणून गिळण्याची तक्रार स्पष्ट असेल तर बेरियम स्वालो (बेरियमचं द्रव गिळवून काढलेला एक्स-रे) करून घ्या, जमलं तर बेरियमची गोळी किंवा पावाचा घास गिळवून. ॲकॅलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल न होणं) वगळायलाही त्याचा उपयोग होतो.

उपचार तेच, मात्रा वेगळी. ओमेप्राझोल २० ते ४० मिग्रॅ दोनदा. बुडेसोनाइड १ ते २ मिग्रॅ दोनदा. फ्लुटिकासोन २५० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे तीन पफ दोनदा.

अरुंदपणा असेल तर डायलेटेशन, म्हणजे वाट ताणून रुंद करणं. फुग्याने किंवा बूजीने (वाढत्या जाडीच्या लवचिक कांड्या), एका बैठकीत मर्यादित वाढ, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, १६ मिलिमीटर किंवा त्याहून पुढे जाईपर्यंत. अस्तर ओल्या कागदासारखं फाटतं, चीर दिसते, आणि ती दिसली म्हणजे काम झालं असं समजतात. अस्तराची वरवरची चीर म्हणजे भोक नव्हे. छातीत दोन-तीन दिवस दुखणं अपेक्षित आहे. वाढत जाणारं दुखणं, ताप, मानेच्या कातडीखाली कुरकुर लागणं, हे दिसलं तर लगेच सीटी. भोक पडण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. पण डायलेटेशनने वाट रुंद होते, सूज जात नाही. सोबत औषध किंवा आहार नसेल तर सहा महिन्या-वर्षात पेशंट परत येतो.

घास अडकला तर घरी काय करायचं हे दोघांनाही आजच सांगा. उभं किंवा ताठ बसायचं, थुंकी बाहेर टाकायची. भाताचा गोळा, केळं वरून ढकलायचं नाही, बोट घालून उलटी काढायची नाही, पपईची पावडर किंवा मांस मऊ करायची पूड घ्यायची नाही. थुंकीही गिळता येत नसेल तर काही तासांत स्कोप झाला पाहिजे, सकाळची वाट पाहू नये. थुंकी जात असली तरी २४ तासांच्या आत. हाडाचा तुकडा असेल तर थुंकी जात असली तरी तातडीचंच. श्वास अडला असेल, आवाज फुटत नसेल, तर तो घास श्वासनलिकेत आहे. तिथे हा सल्ला लागू नाही, गुदमरल्याचे उपाय करायचे.

फॅमिली डॉक्टर, तालुक्याचं ठिकाण

सगळ्यांचे आभार. औषध आज बंद केलं, बंद केलेले पदार्थ परत सुरू करायला सांगितले, ब्लॉक मागवलाय. वडिलांचीही वेळ घेतली.

आणखी दोन गोष्टी. निदान पक्कं झालं तर आई-वडिलांचा कल गिळायच्या स्टेरॉइडकडे आहे, कारण शाळेच्या डब्यात पथ्य सांभाळणं त्यांना जमणार नाही. इथे तयार औषध मिळत नाही, रेस्प्यूल (नेब्युलायझरच्या औषधाच्या छोट्या नळ्या) मिळतात. घरी नेमकं कसं करायचं? आणि ते किती दिवस?

बालपोटविकारतज्ज्ञ, पुणे

बुडेसोनाइडचा ०.५ मिग्रॅ प्रति २ मिली रेस्प्यूल घ्या. १ मिग्रॅ म्हणजे दोन रेस्प्यूल, ४ मिली. रेस्प्यूल आधी हलवायचा, औषध तळाशी बसतं. वाटीत ओतून त्यात सुक्रालोजची पावडर साधारण १० ग्रॅम किंवा मध दीड-दोन छोटे चमचे घालून घोटायचं. एकूण ८ ते १२ मिली व्हावं आणि चमचा तिरका केला तर मिश्रण सावकाश, तार धरून खाली यावं. पातळ राहिलं तर ते अन्ननलिकेला न लागता सरळ पोटात जातं आणि काम होत नाही. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मध एक वर्षाखालच्या बाळाला कधीही नाही. घट्ट करायला चॉकलेट सिरप वापरलंत आणि दूध बंद असेल, तर लेबल वाचा.

वेळ रात्री, जेवण आणि दात घासणं झाल्यावर. थोडं थोडं करत गिळायचं. नंतर चूळ भरून थुंकायची, आणि अर्धा तास पाणीही नाही. चूळ टाळली तर तोंडात कॅन्डिडा होऊ शकतो. ताजं करायचं, सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. नेब्युलायझरमधून देऊ नका. औषध फुफ्फुसात जातं, अन्ननलिकेला काही मिळत नाही.

पंपाकडे वळलात तर तीन गोष्टी दुकानदाराला लिहून द्या. फ्लुटिकासोन एकटं हवं, साल्मेटेरॉलची जोडी नको, आणि आपल्याकडे न सांगता जोडीचाच पंप हातात येतो. पावडरची कॅप्सूल चालणार नाही, तिच्यात लॅक्टोज असतं आणि ती गिळायची नसते. स्पेसर लावायचा नाही. या मुलाला १२५ मायक्रोग्रॅमचे दोन पफ दोनदा: श्वास सोडायचा, ओठ घट्ट लावायचे, श्वास धरून पफ मारायचा, गिळायचं. पफ मारताना श्वास ओढला तर औषध छातीत गेलं.

गिळलेल्या स्टेरॉइडचा बराचसा भाग यकृतात नष्ट होतो, म्हणून शरीरावर परिणाम कमी. पण नाकाचा स्प्रे, दम्याचा पंप आणि हे, तिन्ही मिळून बेरीज करा. उंची दर तीन-चार महिन्यांनी मोजा, तक्त्यावर मांडा. उंची अडली, मूल फार थकायला लागलं, तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासा. आणि गजकर्णासाठी इट्राकोनाझोल कुणी सुरू केलं तर लगेच कळवायला सांगा. ते यकृतातला तोच मार्ग रोखतं आणि बुडेसोनाइड रक्तात साठतं. आपल्याकडे हे औषध फार सहज लिहिलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

किती दिवस, याचं खरं उत्तर: औषध थांबवलं की बहुतेकांत आजार परततो. बारा आठवड्यांनी स्कोप, मोजणी १५ खाली आणि चरे गेलेले असतील तर हळूहळू मात्रा कमी करून राखणीचा डोस. कमी केल्यावरही पुन्हा स्कोप. 'कोर्स संपला' हा शब्द पालकांसमोर वापरू नका.

हे सगळं करून जमलं नाही तर डुपिलुमॅबचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत मे २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्यांना आणि जानेवारी २०२४ मध्ये एक वर्षावरच्या, किमान १५ किलो वजनाच्या मुलांना या आजारासाठी मंजुरी मिळाली. १५ ते ३० किलोला २०० मिग्रॅ दर दोन आठवड्यांनी. खर्च मोठा आहे, त्यामुळे तो आधीच्या वाटा नीट चालून झाल्यावरचा विचार. माँटेलुकास्टच्या (दमा-ॲलर्जीच्या गोळीच्या) भरवशावर मात्र राहू नका, त्याने बायोप्सी सुधारत नाही.

पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर

एक पुरवणी. दुसऱ्या स्कोपचे तुकडे पाठवाल तेव्हा जुनी स्लाइड आणि ब्लॉक सोबत द्या, आणि उपचारांनंतरच्या तिसऱ्या स्कोपलाही शक्यतो त्याच लॅबकडे जा. फॉर्मवर त्या दिवशी चालू असलेलं प्रत्येक औषध, मात्रा आणि कुठले पदार्थ किती आठवड्यांपासून बंद आहेत, हे लिहा. आमच्यासमोर १२ असा आकडा येतो तेव्हा ते उपचाराचं यश आहे की निसटलेलं निदान, हे त्या चार ओळींवरूनच ठरतं.